पहिलं पान

घरीच भाषाविज्ञान शिकायला सोपं पुस्तक हवं, असं वडगावच्या गोरखनं म्हणताच समीक्षानं तळेगावच्या आपल्या दुकानातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं त्याच्यापुढे मांडली. तो प्रत्येकाचं पहिलं पान वाचून पुस्तक मिटत होता. सगळीकडे तेच, भाषा म्हणजे तोंडातून निघणारे ध्वनी. समीक्षा मनातून वैतागली.

शेवटच्या पुस्तकापाशी मात्र तो थबकला. त्यात लिहिलं होतं, हातांच्या खुणांचीही भाषा असते.

“हेच द्या.”

“परीक्षा आहे का?”

“न्हाई. मागल्या महिन्यात आईच्या मातीला समदी म्हणत व्हती, भामाबाई बिचारी जन्मात एक शब्द बोलली न्हाई.” त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. “मंग मला रोज कोण रागवायचं?”