आपला डायलॉग

"चला, चला! इंटरव्हलच्या आधीच आपला डायलॉग हाय!" देवरावांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाळी दिली. अर्धं काचीगुडा पिक्चरला निघालं होतं.

सखूच्या कपाळावरची आठी काही जाईना. रेल्वेतून रिटायर झालेल्या नवऱ्याला म्हातारपणी नटाचं खूळ लागलं आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. लाडका गायक शिवराज पहिल्यांदाच हीरो झाला होता, गाण्यांच्या आणि हसवणुकीच्या सिनेमात. त्यातल्या लग्नाच्या पंगतीत देवरावांना एक वाक्य मिळालं होतं: "दुल्हे राजा, गाना बाद में, पहले खाना!" दात घासताना तेच, भाजी निवडताना तेच, झोपेतसुद्धा तेच. सखूला वीट आला.

शूटिंगच्या दिवशी ते बीपीची गोळी विसरून गेले. सखू रिक्षा करून पोचली ती तडक मांडवात घुसली.

"गोळी खाल्ली का? घरी चक्कर येती अन् इथं वरात मिरवताय! अन् तुम्ही ओ गाणेवाले, म्हाताऱ्या मानसाला उन्हात कायकू बसवले?"

शिवराजचं गाणं थांबलं. डायरेक्टर पोट धरून हसला, मग हात जोडून अर्ध्या तेलुगूत म्हणाला, "अम्मा, चाला थँक्स!" म्हणजे खूप खूप आभार.

ही थट्टा तिला फार लागली. आपण सीनचा विचका केला, आता ह्यांचं वाक्य कापणार, याबद्दल तिला शंका उरली नाही. बोलून दाखवायची मात्र हिंमत झाली नाही. आणि हा माणूस त्या दिवसापासून उलट जास्तच खुशीत!

"सगळ्या गल्लीला कशाला नेताय?" ती आता वैतागून म्हणाली. "नाही दिसलात तर तोंड कुठं लपवाल?"

"नक्को टेन्शन घेऊ, सखू. आपला डायलॉग हाय म्हंजे हाय."

थिएटरात लग्नाचा सीन आला. शिवराज गाऊ लागला. पंगतीत देवरावांचं टक्कल तेवढं दिसलं, तेही पाठमोरं. वाक्य आलंच नाही.

सखूने डोळे गच्च मिटून घेतले. लोकांचं जाऊ दे, पण शेजारी बसलेल्या ह्यांच्या चेहऱ्याकडे आता कसं बघायचं? तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात थिएटर हसण्याने दणाणलं. शिट्ट्या वाजल्या. देवरावांनी तिचा हात दाबला.

"अगं, डोळे उघड की! कधीचा सांगतोय, आपला डायलॉग हाय म्हणून."

पडद्यावर, कमरेवर हात ठेवून, सखू शिवराजला झापत होती.