लेकरू ज्याच्याकडे धावेल

"ओळखपत्रावर फोटो नसेल तर मुलीला तुमच्या ताब्यात देणार नाही," पाळणाघराची बाई म्हणाली. "बाप असलात तरी."

मिस्त्रीला ते झोंबलं. चिमीने त्याच्या पँटचा पाय गच्च धरून भोकाड पसरलं होतं. आई गेल्यापासून ती कुणाकडेच जात नव्हती.

"नियम कडक आहेत तेच बरं," बाहेर आल्यावर बहीण म्हणाली. "पोर आहे ती, खुर्ची नव्हे. कुठेही टेकवायला."

"मग तुरुंगात टाकू? उद्या कामावर जायचंय मला. तुझी वहिनी होती तोवर मला घराकडे बघावंही लागलं नाही."

बाजारामागे घरीच मुलं सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या. तिथे दार उघडलं आणि चिमीचं रडणं थांबलं. इतकं एकाएकी, की मिस्त्रीने वाकून तिचं तोंड पाहिलं. तिने आपणहून चपला काढल्या, बाकाखाली सारल्या आणि ती पडद्याआड गेली. आतून कसलाच आवाज आला नाही.

"मुलं झोपलीत," मावशी म्हणाल्या. "हिची आई नाही आली?"

"ती गेली. अपघातात."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! तरीच."

बहिणीने कोपराने ढोसलं. "दादा, विचार की. फोटोबिटो काही लागत नाही का?"

"कागदाचं काय घेऊन बसलात?" मावशी म्हणाल्या. "लेकरू ज्याच्याकडे धावत जाईल, त्याच्या हाती देते. लेकरू फसत नाही."

मिस्त्रीला ते लाखमोलाचं वाटलं.

"मला नाही बाई हे घर बरं वाटलं," गल्लीत बहीण पुटपुटली.

"पोर गप्प झाली ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी चिमीला मावशींकडे सोडून तो कामावर गेला. पण दाराची चौकट बसवताना हातोडा दोनदा बोटावर बसला. शेवटी काम टाकून तो लवकरच निघाला.

बाकाखाली चिमीच्या चपला नव्हत्या.

मावशी ताटल्या पुसत होत्या. "अहो, ती गेली की मघाशीच. तिचे बाबा आले होते."

मिस्त्रीने वाकून बाकाखाली पुन्हा पाहिलं.

"तिची आई यायची थांबली, तरी ते बिचारे रोज दाराशी येऊन विचारून जायचे. आज त्यांना पाहिलं आणि पोर धावत सुटली. नेहमीसारखीच." मावशींनी ताटली खाली ठेवली. "तुम्ही तिचे मामा ना?"