संख्येपुरती

"तेवीस," लोवरी म्हणाली आणि तिनं स्क्रीन पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली. "चोवीस हवेत."

डेलिथ खुर्चीतून अर्धवट उठली. "तेवीस? माझे?"

एक क्रेडिट कमी पडलाय, हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तेवीस निघाले याचाच धक्का मोठा होता. दहा तास शिकलं की एक क्रेडिट. म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी ही बाई दोनशे तीस तास शिकली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

कारण अगदी साधं होतं. वेल्सच्या त्या खोऱ्यात खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये प्रौढांचे वर्ग भरतात, आणि आठ डोकी जमली नाहीत तर वर्ग रद्द होतो. सातच जण आले की कुणीतरी डेलिथला हाक मारायचं. प्रथमोपचार, अपूर्णांक, पाव भाजणं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, काय वाटेल ते. ती यायची, बसायची, सांगितलेलं करायची. सर्टिफिकेट तिनं एकही जपलं नाही. एक तर डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. पण ऑनलाइन नोंदीत सगळं होतं, तारखेसकट. पावाच्या वर्गाच्या तारखेवर तिनं बोट ठेवलं. आई गेली तो महिना. घरात बसवत नव्हतं म्हणून त्या महिन्यात ती एकदाही चुकली नव्हती.

"बारा वाजता अर्ज बंद होतो," तिची नणंद नेस्टा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करत म्हणाली. साडेअकरा होऊन गेले होते. "दोन वर्षं हिच्या तोंडी नर्सिंगशिवाय दुसरा विषय नाही. कॉलेजचा पूर्वतयारीचा वर्ग तेवढा मिळू दे, म्हणून आमचं डोकं खाल्लं. आणि अडलंय कुठं, तर एकावर! लोवरी, कुठं सांडला असेल बघ ना गं."

लोवरीचा चेहरा लाल झाला. ती वर्गाची शिक्षिका होती आणि खोटं बोलणं तिला जमत नसे.

"सांडला नाही. मीच पाठवला नाही. गेल्या वर्षीचा खुणांच्या भाषेचा पहिला भाग. डेलिथ, तूच म्हणालीस, माझं काही धरू नकोस, मी नुसती संख्येपुरती आहे. मी आपलं ऐकलं. चुकलंच माझं. तुझी वही पूर्ण आहे, फक्त शेवटची परीक्षा राहिलीय."

"किती वेळ लागतो परीक्षेला?"

"दोन मिनिटं. समोर एक बहिरा माणूस आणि बघायला मी."

वर्गातल्या सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. तिथं एम्रिस चहात बिस्कीट बुडवत बसला होता. तो जन्मापासून बहिरा. आयुष्यभर त्यानं गावाची घड्याळं दुरुस्त केली आणि गावानं त्याच्याशी मान हलवण्यापलीकडे बोलणं केलं नाही. खुणांच्या भाषेचा हा वर्ग सुरू झाल्यापासून दर मंगळवारी त्याच्याशी गप्पा मारायला माणसं मिळू लागली होती.

लोवरीनं त्याला खुणेनं सगळं सांगितलं. त्यानं बिस्कीट संपवलं, मिशा पुसल्या आणि डेलिथच्या समोर खुर्ची ओढली. खुणेनं विचारलं, तुझं नाव काय?

"घ्या! हिच्या बाप्तिस्म्याला केक खाऊन गेलाय आणि नाव विचारतोय," नेस्टा म्हणाली.

"गप्प बस, परीक्षा आहे," लोवरी ओरडली.

डेलिथनं बोटांनी नावाचं एकेक अक्षर काढलं. घाईत बोटं एकमेकांत अडकत होती. मुलं किती? दोन. घर कुठं? चॅपलच्या मागं. सावकाश, एम्रिसनं खूण केली, माझे डोळे म्हातारे आहेत. ती हसली आणि हात जरा सुटले.

काम काय करतेस?

स्वयंपाक, असं तिनं दाखवलं. मग थांबली, दोन्ही हात हलवून ते पुसून टाकलं आणि मनगटाची नाडी धरून दाखवली. नर्स. अजून नाही. होणार.

एम्रिसनं लोवरीकडे पाहून अंगठा वर केला.

लोवरीनं साइटवर निकाल भरला. मग सगळे स्क्रीनभोवती गोळा झाले आणि वाट बघू लागले. हॉलचं इंटरनेट म्हणजे गुडघे दुखणारी म्हातारीच. तेवीस. पुन्हा उघडलं, तेवीस. "अगं, हलव की त्याला!" नेस्टानं टेबलावर थाप मारली. तेवीस. बाराला सहा मिनिटं होती. डेलिथनं डोळे घट्ट मिटून घेतले, त्यामुळे आकडा बदललेला ती सोडून सगळ्यांनी पाहिला.

"चोवीस!"

नोंदीसकट अर्ज गेला, पोचल्याचा निरोप आला आणि हॉलमध्ये एकच कल्ला झाला. नेस्टानं भावजयीला उचलायचा प्रयत्न केला. कुणीतरी मनुक्यांचा पाव कापला. "मी शिकत होते गं," डेलिथ रडत रडत ज्याला त्याला सांगत होती, "इतकी वर्षं मी शिकत होते!" आनंद असा, की पोटात मावेना.

कॉलेजचा वर्गही मंगळवारीच असतो, हे त्या गोंधळात दोघांच्याच लक्षात आलं. एम्रिसनं वर्गातली डोकी मोजली, एक वगळलं आणि लोवरीला बोटांनी दाखवलं. सात.

ठाऊक आहे, लोवरीनं खूण केली.

तिनं हजेरीपट उघडला. वर्ग सोडणाऱ्याच्या नावापुढे कारण लिहायचा एक रकाना असतो. वर्षानुवर्षं त्यात तिनं आजारपण लिहिलं, कामाची पाळी बदलली असं लिहिलं, कंटाळा लिहिला. आज तिनं लिहिलं, कॉलेजात गेली.

एम्रिसनं वाकून वाचलं. मग त्यानं तिच्या हातातल्या पेनाला टिचकी मारली आणि खुणेनं सांगितलं, मोठ्या अक्षरात लिही.