अर्थिंग

दिवाकररावांनी मेन स्विच बंद केला, तरी टेस्टर लावून पुन्हा पाहिलं. मग बाथरूमबाहेरचा सॉकेट उघडला.

"बाबा, चहा थंड होतोय," शर्वरी म्हणाली.

"होऊ दे. इकडे ये, हे बघ."

सॉकेटमागे हिरवी वायर नुसतीच गुंडाळून कोंबली होती. कुठेच जोडलेली नव्हती.

"दिखावे को तीन पिनचा, अन् अर्थिंग नाही," ते म्हणाले. "पाणी तापवायच्या रॉडला चीर गेली की करंट सीधा पाण्यात."

मानसने घड्याळ पाहिलं. त्याच्या आणि शर्वरीच्या लग्नाला आठवडाच झाला होता. पलासियाजवळचा हा भाड्याचा फ्लॅट त्यांनी परवाच लावला होता.

"काका, पुढच्या महिन्यात गीझर घेतोच आहोत."

"पुढचा महिना पुढच्या महिन्यात. अंघोळ उद्या आहे."

परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. तरी आज स्क्रूड्रायव्हर दोनदा हातातून निसटला. शर्वरीने तो उचलून दिला.

त्यांनी जुना सॉकेट काढून सोळा अँपिअरचा बसवला. हिरवी वायर पक्की कसली, ओढून पाहिली, पुन्हा कसली. मेन चालू करून फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघितला. लख्ख पेटला. तरी चेहरा सैल झाला नाही. करंट गळायला लागला की लाइन तोडणारा ईएलसीबी त्यांनी सोबतच आणला होता. पुन्हा मेन बंद करून तोही बोर्डात बसवला. लाइट आल्यावर त्याचं टेस्टचं बटण दाबलं. लाइन तुटली. चालू केली, पुन्हा दाबलं. तीन वेळा.

"झालं ना अब?" शर्वरीने हळूच विचारलं.

"पाण्यात हात घालायच्या आधी काय करायचं?"

"स्विच बंद. मग प्लग काढायचा. मग हात."

"मानस, तू सांग."

मानसनेही म्हणून दाखवलं. दिवाकररावांनी गार चहा एका घोटात संपवला, पिशवी उचलली आणि निघाले. एक जिना उतरून परत आले. थेट बोर्डाशी गेले, बटण दाबलं, लाइन तुटली. चालू करून मग कुठे गेले.

शर्वरी दारातच उभी राहिली. समोरच्या पद्मजाताई दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या.

"वडील फार जीव लावतात गं तुला," त्या म्हणाल्या.

खालचं फाटक वाजेपर्यंत शर्वरी जिन्याकडे बघत राहिली.

"माझे वडील नाहीत ते. अथर्वचे, माझ्या पहिल्या नवऱ्याचे," ती म्हणाली. "तो ज्या रॉडच्या शॉकने गेला, ती त्यांनीच जोडून दिली होती."