कडी कोणत्या बाजूला

गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात पडोत.

थोरली खिडकीला कान लावून उभी होती. हातात झाडू, पण झाडणं नावालाच. मागच्या अंगणात धाकट्या जावेचा सुतार दोरी ताणत होता, आणि दोरी दोन घरांच्या मधून चालली होती.

दोन भाऊ, दोन घरं, मध्ये एकच अंगण. दोघी जावा दोन वर्षं बोलत नव्हत्या. कारण काय, तर कुकरची रिंग. धाकटीने कुकर नेला, परतही आणून दिला. थोरलीचं म्हणणं, आतली रिंग बदललेली आहे, सैल आहे. धाकटीचं म्हणणं, तुमचीच आहे. शब्दाने शब्द वाढला. शेवटी थोरली अंगणात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, की मध्ये कुंपण घालीन, पुरुषभर उंच, पुन्हा तोंड दिसायला नको. घातलं मात्र नाही. पण त्या उघड्या अंगणातून नंतर कुणी पलीकडे गेलं नाही. एक मांजर तेवढं जायचं.

आणि आता धाकटी स्वतःच कुंपण घालत होती. आधी तिने मागच्या दाराशी लाकडी ओटा करून घेतला. आपल्या घरात डोकावायला, थोरलीने ताडलं. मग ही दोरी. जागा लाटायची, दुसरं काय? सुतावरून स्वर्ग गाठावा तो थोरलीनेच, आणि इथे तर सूत खुद्द सुताराने ताणून दिलं होतं.

दुपारी सुतार जेवायला गेला की ती बाहेर यायची. आपल्या भिंतीपासून दोरीपर्यंत झाडूच्या दांड्याने माप घ्यायची. अर्धं अंगण म्हणजे नऊ दांडे, हे तिला पाठ होतं. भरले नऊ दांडे आणि एक वीत. वीतभर जागा तिच्याच बाजूला जास्त सुटली होती. ते बघून तिचं जेवणच उडालं. या जगात फुकट कोण देतं? नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

तिसऱ्या दिवशी खांब उभे राहिले. सुतार एकेकाला ओळंबा लावून तो सरळ उभा आहे का बघत होता. बघता बघता म्हणाला, "कोपऱ्यातला थोरला फार वर आलाय. उद्या डोकं उडवू त्याचं, चार बोटं."

थोरलीने चटकन मागे पाहिलं. थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, जन्मभर बसायचा तसाच कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता. तिने त्याच्या कानात सगळं सांगितलं. चार बोटंच ना, मग चष्मा वाचेल, असं म्हणून त्याने पान उलटलं.

पण पुढचं ऐकून ती पुन्हा खिडकीला चिकटली. सुतार धाकटीला विचारत होता, कुंपणाची पाठ कुणाकडे ठेवायची. धाकटी म्हणाली, "पाठ या बाजूला. आणि मधल्या दाराला कडी एकाच बाजूने लावा. दोन्हीकडून नको."

ती हाताने कुठली बाजू दाखवते ते खांबाआड दिसलं नाही. दिसायची गरजही नव्हती. पाठ फिरवायची आपल्याकडे आणि कडी ठेवायची स्वतःकडे. म्हणजे उद्यापासून आपण कोंडवाड्यातली गुरं.

दुसऱ्या दिवशी फळ्या ठोकून झाल्या तशी थोरली पदर खोचून, झाडू घेऊन निघाली. कुंपणापाशी सुतार खाली सांडलेले खिळे गोळा करत होता. तिने त्याला फैलावर घेतलं. पाठ आमच्याकडेच का, एवढंच मला सांगा.

सुतार खिळे खिशात टाकून उठला. मग त्याने फळीवरून हात फिरवून दाखवला. गुळगुळीत. एक कुसळ नाही, खिळ्याचं टोक नाही. "बाई, हे तोंड आहे. आडव्या पट्ट्या दिसतात ती पाठ, ती तिकडे आहे. भांडणाच्या कुंपणात जो पैसे देतो तो तोंड स्वतःकडे ठेवतो. मी धाकट्या बाईंना दोनदा विचारलं. खांबांची जाडीसुद्धा त्यांनी आपल्या जागेतून दिली."

वीतभर जागेचा उलगडा झाला. थोरलीने झाडू खाली केला. मग तिला कुंपणाच्या मधोमध दार दिसलं. दाराला पितळी कडी होती. तिच्या बाजूने. तिने फटीला डोळा लावला. पलीकडून कडी नाही, मूठ नाही, बोट घालायला भोकसुद्धा नाही.

पलीकडे ओट्यावर धाकटी उभी होती.

"ताई, कुंपण घालीन म्हणाला होतात. दोन वर्षं वाट पाहिली. कुंपणच नाही, तर दार कुठे ठेवणार?"

थोरलीने झाडू कुंपणाला टेकवला. मग फटीतूनच म्हणाली, "रिंग बदललेली होती."

"होती," धाकटी म्हणाली. "तुमची माझ्या हातून तुटली."

मग थोरलीने कडी काढली.

आता दातांची शपथ घेतलीय, म्हणून सांगून टाकते. हे शेवटचं एवढं मी पदरचं घातलं. कडी काही त्या दिवशी निघाली नाही. अकरा दिवस लागले. तोवर धाकटी रोज संध्याकाळी ओट्यावर दोन कप चहा मांडून बसायची, आणि दुसरा गार झाला की तोही तिलाच प्यावा लागायचा.