मूळ स्पीडवर

तिसऱ्यांदा स्क्रीन काळी झाली, तेव्हा हेडफोनमध्ये वकार नुकताच म्हणाला होता, "सकलैन, तुले एक सांगायचं होतं..." तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला.

सकलैन कपाळाला हात लावून बसला. दोन रविवार थोरला भाऊ, वकारभाई, ऑनलाइन खेळायला आला नव्हता. गुजरातेत कापसातली सरकी काढायच्या ज्या जिनिंगवर तो कामाला होता तिथं सीझन जोरात आहे, सुट्टी नाही, एवढाच निरोप. आज कुठं तिथल्या गेमिंगच्या दुकानात येऊन बसला होता, आणि नेमकं आजच हे. फोनवर वकारभाईचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. खेळता खेळता मात्र, डोळे समोर गुंतले की त्याच्या तोंडून मनातलं निघायचं. बोंडअळीच्या साली कपाशीची उभी पराटी उपटून फेकली आणि त्यानं घर सोडायचं ठरवलं, तेही सकलैनला असंच खेळताना कळलं होतं.

कॉम्प्युटरमधल्या, चित्रं उमटवणाऱ्या कार्डाची खोडी सकलैननंच काढली होती. जानेफळात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. घरचा कॉम्प्युटर त्यानं स्वतः जोडलेला, ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरून टाकलेलं. नवा गेम त्यावर अडखळायचा. म्हणून त्यानं व्हिडिओ पाहून कार्डाला ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवायला लावलं. दहा मिनिटं ते सुसाट पळायचं. मग स्क्रीनवर रंगीत ठिपके, आणि अंधार.

त्यानं स्पीड थोडा उतरवला आणि पुन्हा गेममध्ये शिरला.

"आला का बे?" वकार म्हणाला.

"कार्ड दगा देऊन राह्यलं, भाई. तू काय सांगत होता?"

"राहू दे. आधी भिंतीवर चढ."

सकलैनचा सैनिक भिंतीवर चढला. खाली वकारचा सैनिक भलतीकडेच वळला, भिंतीला धडकला, बंदूक उचलेपर्यंत समोरच्यानं त्याला गाठलं. एरवी वकार एकटा तिघांना पुरून उरायचा.

"तू अडकून अडकून चालते भाई. माह्या मशीनचंच काहीतरी आहे."

ठिपके उमटले आणि स्क्रीन पुन्हा काळी झाली.

आता सकलैननं कॉम्प्युटरचा डबा उघडला. खोलीत निम्म्या उंचीपर्यंत वेचलेला कापूस भरलेला होता. त्याचा तंतू न् तंतू कार्डाच्या पंख्यात जाऊन बसला होता. त्यानं ब्रश मारला, फुंकर घातली, टेबलफॅन डब्याकडे वळवला. मग जास्तीचा सगळा स्पीड काढून टाकला आणि कार्ड होतं तसं केलं.

गेम थोडा जड चालला, पण पाऊण तास झाला तरी एक ठिपका आला नाही. घरं, झाडं, धूर, सगळं जागच्या जागी. फक्त वकारचा सैनिक तसाच भरकटत होता.

"आता तर मूळ स्पीडवर आणलं, भाई. तरी तू तसाच दिसते. अजून काय करू, सांग."

"कार्डाले काऊन दोष देतं? कार्ड चांगलं आहे." वकार थांबला. "मी डाव्या हातानं खेळून राह्यलो."

"काऊन?"

"जिनच्या रोलरमधी हात गेला. उजव्याची दोन बोटं काढली. वीस दिवस झाले." आणि लगेच, त्याच आवाजात, "डावीकडून येऊन राह्यला तो, पाह्य."

सकलैननं पाहिलं. त्याचा हात माउसवर होता, पण हलत नव्हता.

"दुखते का?"

"आता नाही. मार त्याले."

सकलैननं गोळी झाडली. समोरचा पडला. शाबास, असं एरवी म्हणायचा तसंच वकार म्हणाला.

"कोणाले सांगितलं?"

"तुलेच. अम्मीले सांगू नको."

अम्मी, सरवरी, चहाचा कप घेऊन आत आली, कापसाच्या ढिगाला वळसा घालून पोराच्या खुर्चीमागे उभी राहिली. आज रविवार, म्हणजे थोरला पलीकडे आहे, हे तिला ठाऊक होतं.

"यातला वकार कोणता?"

सकलैननं स्क्रीनवर बोट ठेवलं. हिरव्या कपड्यातला, दोन्ही हातांत बंदूक धरलेला सैनिक भिंतीला धडकला, वळला, पुन्हा धडकला. सरवरी वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"खेळून राह्यला, म्हणजे बरा आहे," ती म्हणाली. मग स्वतःशीच हसली. "इथं तर चांगला धडधाकट दिसते."

"अम्मी आली का?" कानात वकारनं विचारलं. "काय म्हणून राह्यली?"

अम्मीचं पुढचं बोलणं त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून सकलैननं माइकवर हात दाबून धरला.