बिबट्यावाली काठी

"कोणी मानणार नाही भिया, पण ही काठी पाहून हातोदच्या रस्त्यावर बिबट्या चक्क बाजूला झाला," भाऊरावनं पोह्यांच्या ठेल्यावर पुडी सोडली.

भाऊरावची नजर अंधुक झाली तेव्हा डॉक्टरनं पांढरी काठी घ्यायला सांगितलं होतं. पण पांढरी काठी हातात दिसली की काम कोण देणार? म्हणून त्यानं वाकड्या मुठीची, शिसवी, रुबाबदार छडी निवडली. मिल बंद पडली होती, घरी चूल कशीबशी पेटत होती. समोर बसलेला शेषराव मिलमधला जुना जोडीदार, आता एका पॉवरलूमवर कामगार नेमणारा जॉबर. त्यानं नुसतं 'हो' म्हटलं की भाऊरावला माग मिळणार होता.

शेषरावचा आवाज येईना, म्हणून भाऊरावनं आणखी चढवलं. "डोळे म्हणशील, तर घारीचे. तुटला धागा इथून दाखवतो. काठी आपली शौक म्हणून."

 मग शेषराव हळूच म्हणाला,


"मिलमध्ये मागांच्या खडखडाटात आपण हातांच्या खुणांनीच बोलायचो ना, भाऊराव? मघापासून तसंच विचारतोय तुला, उद्यापासून कामावर येतोस का म्हणून."